मिसिसिपीवरचे आरमार

आरमार म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग उभे राहतात, कान्होजी आंग्र्यांची गुराबे व गलबते दिसू लागतात आणि सभोवार अथांग खारे पाणी पसरलेले असते. नदीवर आरमार असू शकेल, ही कल्पना आपल्याला सहसा शिवत नाही. आम्हां सीमाभागातील लोकांना नद्यांची वाण नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या आमच्या अंगणातल्याच नद्या. परंतु पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि वैशाखात त्यांच्या पात्रातून ठिकठिकाणी गुरे चालत पलीकडे जातात. अशा नदीवर नावाड्याची होडी चालावी. तोफांनी सज्ज जहाज तेथे कोण कल्पील? त्यामुळे अमेरिकेच्या यादवी युद्धाचा निकाल ज्या लढायांनी लागला, त्यांतील काही समुद्रापासून शेकडो मैल आत, गोड्या पाण्यावर, चिलखती आगबोटींनी लढल्या, हे पुस्तकात वाचले तरी मनात ठसत नाही. ते ठसण्यासाठी ती नदी पाहावी लागते.

तो योग आम्हांला उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. आमची कन्या आणि जावई टेनेसी राज्यातील मेंफिस शहरी असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता महिनाभर तेथे राहून आलो. मेंफिस हे मिसिसिपीच्या पूर्व काठावर, उंच टेकाडावर वसलेले आहे. टेकाडाच्या कडेला उभे राहिले की खाली ती महानदी दिसते. गढूळ, तांबूस-तपकिरी, वरवर संथ. पण वाहून येणाऱ्या एखाद्या ओंडक्याकडे पाहावे, म्हणजे ओढीचा अंदाज येतो. आजही तिच्यावर मालाची ये-जा अखंड चालू असते. सपाट बुडाच्या अवजड पडावांची एकमेकांना जखडलेली लांबच लांब रांग एकच आगबोट मागून ढकलीत नेते. धान्य, कोळसा, खडी, तेल असा सगळा माल त्यांतून जातो. मिसिसिपी ही त्या देशाची हमरस्त्याच्या आधीची हमरस्ता आहे.

१८६१ साली दक्षिणेकडील गुलामगिरीची राज्ये फुटून निघाली आणि युद्ध पेटले, तेव्हा या हमरस्त्याचे मोल दोन्ही पक्षांनी ओळखले होते. त्या काळी कच्चे रस्ते पावसात बुडत, आगगाड्यांचे रूळ शत्रू एका रात्रीत उखडून टाकी. पन्नास हजारांचे सैन्य पुढे न्यावयाचे तर त्याच्या तोंडचा घास, घोड्यांचा चारा आणि तोफांची दारू मागोमाग गेली पाहिजे. शेकडो बैलगाड्यांचा माल एक आगबोट वाहून नेई. शिवाय मिसिसिपी उत्तरेच्या हाती आली की टेक्सास, आर्कान्सा आणि लुइझियानाचा पश्चिम भाग उरलेल्या दक्षिणेपासून तुटत होता. तेथून येणारी जनावरे, धान्य आणि माणसे बंद होणार होती. उलट उत्तरेच्या शेतकऱ्याचा माल न्यू ऑर्लिअन्सच्या बंदराकडे जाण्याची वाट दक्षिणेने अडवून धरली होती. नदी एकच, पण तिच्या उगमाकडचा आणि मुखाकडचा मुलूख एकमेकांचा वैरी झाला होता.

मग नदीसाठी आरमार बांधणे आले. हे काम सेंट लुई येथील जेम्स ईड्स या गृहस्थांनी पत्करले. त्यांचा पूर्वीचा व्यवसाय मोठा विलक्षण होता. मिसिसिपीत बुडालेल्या आगबोटींतील माल काढून देण्यासाठी ते पाणबुड्याच्या घंटेत बसून नदीच्या तळाशी उतरत. नदीचा पृष्ठभाग पुष्कळांना ठाऊक होता. तळ ठाऊक असलेला हा माणूस. सॅम्युअल पूक यांनी काढलेल्या आराखड्याबरहुकूम ईड्स यांनी सात चिलखती आगबोटी काही महिन्यांत उभ्या केल्या आणि जानेवारी १८६२ मध्ये त्या कामावर रुजू झाल्या. प्रत्येक बोट १७५ फूट लांब आणि सुमारे ५१ फूट रुंद; पण पाण्यात बुडत असे अवघे सहा फूट. उतरत्या भिंतींच्या आत तेरा तोफा, समोर व मध्यभागी अडीच इंच जाडीचे लोखंडी पत्रे आणि ढकलणारे चाक मागच्या बाजूस पोटात लपविलेले. लोक त्यांना ‘पूकची कासवे’ म्हणत. सातही बोटींना नदीकाठच्या गावांची नावे दिली होती. त्यांतले एक नाव केरो. ओहायो व मिसिसिपी यांच्या संगमावरचे ते गाव. नाव इजिप्तच्या राजधानीवरून घेतलेले, उच्चार मात्र त्यांचा स्वतःचा.

आणखी एक गंमत अशी की, हे आरमार आरंभी नौदलाचे नव्हतेच. बोटी भूसेनेच्या, त्यांवरील अधिकारी नौदलाचे, वाट दाखविणारे पायलट नदीवर पोट भरणारे खाजगी लोक. १ ऑक्टोबर १८६२ रोजी हा सगळा संसार रीतसर नौदलाकडे सोपविण्यात आला.

नदीवरील युद्धाचे नियमही समुद्राहून निराळे. समुद्रावर जहाज वाटेल तिकडे वळते. नदीत पात्र नेईल तिकडेच जावे लागते. वळणापलीकडे शत्रू दबा धरून आहे की काय, ते वळण ओलांडल्याखेरीज समजत नाही. वाळूचे बेट कालपर्यंत नव्हते ते आज असते. पाणी उतरले की सबंध आरमार चिखलात रुतते. १८६४ मध्ये रेड नदीवर उत्तरेचे आरमार असेच अडकले. पुढे खडकाळ उथळ पात्र, पाठीवर शत्रू. तेव्हा विस्कॉन्सिनच्या जंगलात ओंडके वाहविण्याचे काम पाहिलेल्या जोसेफ बेली नावाच्या अधिकाऱ्याने लाकडे, दगड आणि बुडविलेले पडाव यांचा बांध घालून पाणी चढविले आणि त्या फुगवट्यावरून आगबोटी खाली सोडल्या. समुद्रावरच्या कोणत्याही सेनापतीला असा उपाय सुचला नसता, कारण त्याला तो लागलाच नसता.

आणि लोखंडी चिलखत कितीही जाड असले तरी पोटात उकळत्या पाण्याचे बॉयलर होते. १७ जून १८६२ रोजी व्हाइट नदीवर ‘माउंड सिटी’ या बोटीवर काठावरून सुटलेला एकच गोळा वाफेच्या नळकांड्यात शिरला. वाफेने भाजून आणि नदीत उड्या घेऊन शंभरांहून अधिक माणसे दगावली. समुद्रावरचा खलाशी बुडून मरण्याला भीत असे. या खलाशाला आपल्याच बोटीच्या वाफेचे भय होते.

आम्ही मेंफिसच्या ज्या टेकाडावर उभे होतो, तेथेच ६ जून १८६२ च्या सकाळी हजारो नागरिक लढाई पाहावयास जमले होते. दक्षिणेच्या आठ बोटी समोर होत्या. लोखंड पुरेसे नव्हते म्हणून त्यांनी दुहेरी फळ्यांच्या मध्ये कापूस ठासून भरला होता. ज्या पिकासाठी लाखो माणसे दास्यात जखडली, तेच पीक चिलखत म्हणून अंगावर घातले गेले. समोरून चार्ल्स एलेट नावाच्या वयस्क इंजिनिअराच्या बोटी आल्या. हे गृहस्थ झुलते पूल बांधण्यात नामांकित. वेगवान आगबोटीची नाळ मजबूत करून ती शत्रूच्या कुशीत खुपसावयाची, असा त्यांचा डाव होता. दोन तासांच्या आत दक्षिणेच्या आठ बोटींपैकी सात बुडाल्या, जळाल्या किंवा हाती लागल्या. एलेट यांना गुडघ्यात गोळी लागली आणि त्याच जखमेने ते पंधरवड्यात वारले. टेकाडावरच्या नागरिकांनी आपल्या आरमाराचा अंत आपल्या डोळ्यांनी पाहिला आणि दुपारच्या आत शहर परक्यांच्या ताब्यात गेले. परके तरी कसले? वर्षापूर्वीपर्यंत एकाच देशाचे.

यादवी युद्धाचे हे दुखणे नदीवर फार तीव्रतेने जाणवे. १५ जुलै १८६२ रोजी याझू नदीतून दक्षिणेची ‘आर्कान्सा’ ही चिलखती बोट बाहेर पडली. तिचे कप्तान आयझॅक ब्राऊन. तिला प्रथम गाठ पडली ती ‘कॅरोंडेलेट’ या बोटीची. तिचे कप्तान हेन्री वॉक. हे दोघे जुन्या नौदलात एका जहाजावर, एका पंगतीला जेवलेले स्नेही होते. ब्राऊन यांनी स्नेह्याची बोट झोडपून काढली, तशीच पुढे उत्तरेच्या सबंध आरमारातून वाट काढीत व्हिक्सबर्ग गाठले. तीन आठवड्यांनी यंत्र बिघडून ती बोट बॅटन रूजजवळ निकामी झाली, तेव्हा तिच्याच माणसांनी तिला आग लावली.

मेंफिस पडले तरी नदी मोकळी झाली नव्हती. न्यू ऑर्लिअन्स एप्रिल १८६२ मध्येच फॅरागट यांच्या समुद्री आरमाराने घेतले होते. वरून एक हात आला, खालून एक हात आला. पण मध्ये व्हिक्सबर्गची मूठ आवळलेलीच होती. ते ठाण पाहण्यासाठी एके दिवशी पहाटे आम्ही मोटारीने निघालो. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. हमरस्ता क्रमांक ६१ मिसिसिपी राज्याच्या सपाट गाळाच्या प्रदेशातून जातो. दोहों बाजूंस काळीभोर जमीन, नुकती उगवण झालेल्या सरकीच्या सरळ रेषा, मधूनच सोयाबीन आणि मका. मैलोगणती एकही चढ नाही.

ती सरकीची रोपे पाहून आम्हांला आपल्या मुलखाची आठवण झाली आणि ती केवळ परदेशी व्याकुळ झालेल्या मनाची आठवण नव्हती. आमच्या शेजारच्या धारवाड भागात १८४० नंतरच्या काळात न्यू ऑर्लिअन्सचे बी आणून जो कापूस रुजविला, तो पुढे ‘धारवाड-अमेरिकन’ या नावानेच बाजारात ओळखला जाई. या नदीकाठचा कापूस युद्धामुळे इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळविले. वऱ्हाड, खानदेश, धारवाड येथील कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, बँका आणि भागभांडवलाच्या कंपन्या पावसाळी छत्र्यांप्रमाणे उगवल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि ती सगळी सूज उतरली. भल्याभल्या पेढ्यांनी दिवाळे काढले. मिसिसिपीवर सुटलेल्या तोफेचा आवाज मुंबईच्या बाजारात असा ऐकू आला होता.

व्हिक्सबर्ग जवळ येताच सपाटी एकदम संपते आणि पिवळसर मातीची टेकडी उभी राहते. ही माती वाऱ्याने वाहून आणलेली. कुदळीने सहज खोदता येते आणि खोदलेली भिंत ढासळत नाही. नदीपासून सुमारे दोनशे फूट उंचीवर शहर आहे. १८६३ मध्ये नदी या टेकडीच्या पायथ्याशी येऊन केसातल्या आकड्यासारखे वळण घेत असे. खालून येवो वा वरून येवो, प्रत्येक बोटीला त्या वळणावर मंदावणे भाग आणि वर तोफांचे मोर्चे. गड बांधणाऱ्या मराठी मनाला ही जागा एका दृष्टिक्षेपात पटते.

या वळणावर मात करण्याचे नाना प्रयत्न झाले. समोरच्या डी सोटो भूशिरातून कालवा खणून नदीच दुसरीकडे वळवावी, अशी एक योजना होती. १८६२ च्या उन्हाळ्यात आसपासच्या मळ्यांतून आणलेल्या सुमारे बाराशे कृष्णवर्णीय गुलामांना त्या कामाला जुंपले. ऊन, हिवताप आणि हगवण यांनी माणसे गळाठली. नदीचे पाणी उतरले. काम सोडून दिले. पुढल्या वर्षी जनरल ग्रँट यांनी तोच कालवा पुन्हा खणविला, तोही फसला. याझू नदीच्या बाजूने शिरण्याचाही यत्न झाला. त्या यत्नातच ‘केरो’ बुडाली.

ती ‘केरो’ आज व्हिक्सबर्गच्या राष्ट्रीय युद्धभूमीत, एका विशाल छताखाली विसावलेली आहे. १२ डिसेंबर १८६२ रोजी याझूतील पाणसुरुंग काढण्यासाठी ती पुढे गेली. कप्तान थॉमस सेल्फ्रिज तरुण आणि उतावीळ. सुरुंग म्हणजे काचेच्या मोठ्या बरण्या. आत बंदुकीची दारू, बरणी पाण्याखाली तरंगत ठेवलेली आणि तार काठापर्यंत नेलेली. लागोपाठ दोन स्फोट झाले. चिलखत सारे बाजूंवर, बूड लाकडाचे. बारा मिनिटांत बोट तळाशी गेली. एकही माणूस मेला नाही, परंतु अंगावरच्या कपड्यांखेरीज कोणाला काही घेता आले नाही.

याझूच्या गाळाने तिला शतकभर पोटात घातले. १९५६ मध्ये इतिहाससंशोधक एडविन बार्स आणि त्यांचे दोन सहकारी एका लहानशा होकायंत्राच्या साहाय्याने नदीत तिचा शोध घेत फिरले. होकायंत्राची सुई जेथे भरकटली, तेथे खाली लोखंड होते. १९६४ मध्ये तिला वर काढताना तारेचे दोर लाकडात रुतू लागले. तेव्हा तिचे तीन तुकडे करून ते उचलावे लागले. पुढे कित्येक वर्षे ते तुकडे एका गोदीत पडून राहिले. अखेर १९७७ मध्ये ते व्हिक्सबर्गला आणले आणि शेजारी १९८० मध्ये संग्रहालय उघडले. आता मूळचे लाकूड जेवढे वाचले तेवढे जागच्या जागी बसवून, गळलेला भाग नव्या लाकडाने केवळ सांगाड्यासारखा दाखविलेला आहे. त्यामुळे बोट एकाच वेळी आतून आणि बाहेरून दिसते. आपण तिच्यावर चढू शकतो. पाच बॉयलर शेजारी शेजारी, पुढे तोफांची तोंडे. त्या बंदिस्त जागेत, जूनच्या उन्हात, भट्टी पेटलेली असताना माणसे कशी राहिली असतील, या विचाराने आमच्या सौभाग्यवतींनी पदराने कपाळ टिपले.

संग्रहालयात शिरलो आणि तेथे मात्र दीर्घकाळ रेंगाळलो. कोणाचे घड्याळ, कोणाचे कंगवे, पायतले बूट, दौती, औषधाच्या बाटल्या, जेवणाची ताटे आणि पेले. माणसे मेली असती तर आपण ह्या वस्तूंकडे शोकाने पाहिले असते. ती वाचली होती, म्हणून वस्तू अर्धवट टाकलेल्या संसारासारख्या वाटतात. यांतील एकही खलाशी इतिहासाच्या पुस्तकात नाही. पुस्तकात सेल्फ्रिज आहे, पोर्टर आहे, ग्रँट आहे.

ज्यांची नावे पुस्तकात नाहीत, त्यांचा विचार मनात घोळत असता आम्हांला या नदीयुद्धाची दुसरी बाजू दिसू लागली. सप्टेंबर १८६१ पासूनच उत्तरेच्या नौदलाने पळून आलेल्या गुलामांना खलाशी म्हणून दाखल करून घेण्यास आरंभ केला होता. भूसेनेने कृष्णवर्णीयांच्या हाती रीतसर बंदूक दिली ती त्यानंतर. सबंध युद्धात सुमारे अठरा हजार कृष्णवर्णीय नौदलात होते. नदीवरील बोटींत कोळसा टाकणे, भट्टी राखणे, स्वयंपाक करणे, तोफ ओढणे ही कामे ते करीत. रात्री मळ्यातून निसटावे, चिखल तुडवीत काठ गाठावा आणि येणाऱ्या आगबोटीला हाक द्यावी. ज्या नदीच्या नावाने त्यांना धाक घातला जाई, कारण ‘नदीच्या खालच्या अंगाला विकले जाणे’ म्हणजे कापसाच्या मळ्यात मरणे, तीच नदी आता सुटकेची वाट झाली होती.

१६ एप्रिल १८६३ च्या रात्री अॅडमिरल पोर्टर यांनी आपले आरमार व्हिक्सबर्गच्या तोफांसमोरून खाली सोडले. बोटींच्या कुशींना कोळशाचे पडाव आणि कापसाच्या व गवताच्या गाठी बांधल्या होत्या. काठावरच्या लोकांनी घरे आणि डांबराची पिंपे पेटवून नदी दिवसासारखी उजळली. तासन्‌तास भडिमार चालला. तरी बुडाली ती मालवाहू बोटींपैकी एकच. पोर्टर यांनी ग्रँट यांना आधीच बजावले होते की, या मंद बोटी प्रवाहाबरोबर खाली जातील, परंतु तोफांसमोरून पुन्हा वर येणे त्यांना साधणार नाही. म्हणजे परतीचे दोर कापूनच ही उडी होती. कोंडाण्याची कथा ऐकत वाढलेल्या वाचकांना त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आरमार खाली गेले. आता सैन्याला नदी ओलांडून पूर्व काठावर उतरवावयाचे. कोठे उतरवावे? काठ दलदलीचा, वर चढण्यास वाट हवी. नकाशे पुरेसे नव्हते. तेव्हा त्या भागातील एका कृष्णवर्णीय माणसाने सांगितले की, ब्रुइन्सबर्गपाशी चांगला उतार आहे आणि तेथून आत जाणारा रस्ताही चांगला आहे. ३० एप्रिल रोजी त्याच जागी वीस हजारांहून अधिक सैन्य आगबोटींतून उतरले. पुढील अडीच आठवड्यांत पाच लढाया जिंकून ग्रँट व्हिक्सबर्गच्या पाठीशी येऊन ठेपले. ग्रँट यांनी आपल्या आत्मचरित्रात त्या माणसाचा उल्लेख केला आहे. नाव दिलेले नाही.

वेढा ४७ दिवस चालला. आतील सैन्याचे सेनापती जॉन पेंबर्टन हे जन्माने उत्तरेचे, फिलाडेल्फियाचे; त्यांचे दोन भाऊ समोरच्या पक्षात लढत होते. नदीवरून पोर्टरच्या तोफा, जमिनीवरून ग्रँटच्या. नगरातील बायकापोरे त्या पिवळ्या मातीत गुहा खोदून राहिली, शेवटी खेचराचे मांस खाण्याची पाळी आली. गावचे वृत्तपत्र कागद संपल्यामुळे भिंतीला लावावयाच्या कागदाच्या पाठीवर छापले गेले. दरम्यान ७ जून रोजी पलीकडच्या काठावर मिलिकन्स बेंड येथे दक्षिणेच्या तुकडीने हल्ला केला. तेथे होते ते मुख्यतः नुकतेच भरती झालेले, पुरते शिकविलेलेही नसलेले कृष्णवर्णीय शिपाई. संगिनींनी झुंजत ते काठापर्यंत हटले, पण तुटले नाहीत. नदीतील दोन आगबोटींच्या तोफांनी मग हल्ला परतविला. ४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग शरण आले, ९ जुलै रोजी खालचे पोर्ट हडसन पडले आणि मिसिसिपी मोकळी झाली.

युद्धभूमीवर आज तेराशेंहून अधिक स्मारके आहेत. इलिनॉय राज्याच्या स्मारकाला वेढ्याच्या दिवसांइतक्या ४७ पायऱ्या आहेत. नौदलाचा स्तंभ २०२ फूट उंच आहे आणि त्याच्या पायाशी चार सेनानींचे पुतळे आहेत. स्मशानभूमीत उत्तरेचे सतरा हजारांहून अधिक सैनिक व खलाशी पुरलेले आहेत. त्यांतील सुमारे तेरा हजारांची ओळख पटलेली नाही. त्यांच्या डोक्याशी वीतभर चौकोनी दगड आणि त्यावर केवळ आकडा. दक्षिणेचे मृत गावातील वेगळ्या स्मशानात आहेत. कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र स्मारक तेथे उभे राहिले ते २००४ मध्ये, म्हणजे युद्धानंतर जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी. काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर तीन ब्राँझच्या आकृती आहेत. एक शिपाई आणि एक शेतमजूर, दोघांनी मिळून मधल्या जखमी शिपायाला सावरून धरले आहे. मजूर मागे वळून पाहतो, शिपाई पुढे पाहतो. मजुराला त्या चौथऱ्यावर जागा देणाऱ्या शिल्पकाराला युद्ध समजले होते, असे आम्हांला वाटले.

आणि नदी? २६ एप्रिल १८७६ रोजी पुराच्या पाण्याने मिसिसिपीने डी सोटोचे भूशिर आपण होऊन फोडले आणि ती व्हिक्सबर्ग सोडून पश्चिमेकडे निघून गेली. ज्या कामी हजारो मजुरांचा आणि दोन सैन्यांचा घाम वाया गेला, ते तिने एका पुरात उरकले. ज्या वळणासाठी एवढे रक्त सांडले, ते वळणच उरले नाही. गावाच्या धक्क्याला पाणी मिळावे म्हणून १९०३ साली याझूचे पाणी कालव्याने वळवून आणावे लागले. आज टेकडीवरून दिसते ते याझूचे पाणी; मिसिसिपी थोडी पलीकडे आहे.

मराठीच्या शिक्षकाला या काठावर आणखी एक गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाही. व्हिक्सबर्ग पडल्यानंतर दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. त्यांनी नीतीच्या बळावर व त्याग करून गुलामांना मुक्त केले, याबद्दलचा आदर त्या अर्पणपत्रिकेत आहे आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्ततेसाठी तो कित्ता गिरवावा, अशी आशाही आहे. पुण्यात बसून एका मराठी माणसाने सातासमुद्रापलीकडील युद्धाचा खरा अर्थ हेरला, याचा अभिमान आम्ही वर्गात नेहमीच सांगत आलो.

व्हिक्सबर्ग पाहिल्यावर ती अर्पणपत्रिका आम्हांला अधिक विस्तृत वाटू लागली. मुक्त करणाऱ्यांत वरचे सज्जन होते, हे खरेच. पण त्यांच्या जोडीला भट्टीत कोळसा लोटणारा खलाशी होता, कालव्यात फावडे मारून मेलेला मजूर होता, मिलिकन्स बेंडच्या काठावर संगीन रोखून उभा राहिलेला शिपाई होता आणि सेनापतीला उतार दाखविणारा तो निनावी माणूस होता. त्यांना मुक्ती कोणी आणून दिली नाही. ती येत असता ते स्वतः नदीपर्यंत चालत गेले आणि तिला उतार दाखविला. स्वतः शिकून, शाळा काढून, पाण्याचा हौद मोकळा करून जोतीरावांनी आपल्या माणसांना जे सांगितले, तेही याहून निराळे नव्हते.

यापुढे ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका शिकविताना आम्ही फळ्यावर मिसिसिपीची ती वेडीवाकडी रेघ काढणार आहोत. त्या रेघेवर व्हिक्सबर्ग दाखवू, केरो दाखवू आणि ब्रुइन्सबर्गही दाखवू. ब्रुइन्सबर्गपाशी एक ठिपका देऊन मुलांना विचारू की, येथे ज्याने वाट सांगितली त्याचे नाव पुस्तकात का नसेल? आमच्या शाळेतील मुले शेतकऱ्यांची, मजुरांची आहेत. उत्तर त्यांना आमच्याहून लवकर सुचेल, असा आमचा विश्वास आहे.